बत्ती भंगारात देण्याआधी

श्रावण सरत आला की कोकणात घरोघरी झाडलोट निघते आणि माळ्यावरचं सामान खाली येतं. जुने पाट, तांब्याचा हंडा, मोडका पाळणा आणि कोपऱ्यात धुळीनं काळवंडलेली गॅसबत्ती. "आजोबांच्या वेळची आहे, पेटत नाही," असं म्हणत कुणीतरी ती ओटीवर आणून ठेवतं. भंगारवालाही नेमका त्याच आठवड्यात दारात येतो. पितळ किलोवर जातं, त्यामुळे सौदा पटायला वेळ लागत नाही. हौशी माणसाची तऱ्हा वेगळी. तो टाकीला भोक पाडून वायर ओवतो, आत विजेचा बल्ब घालतो आणि बत्ती दिवाणखान्यात टांगतो. मला विचाराल तर भंगारवाला परवडला.

या दोन्हींपैकी काहीही करण्याआधी एक रविवार त्या बत्तीला द्या, एवढंच माझं मागणं आहे. बिघडलेली म्हणून माझ्यापुढे आलेल्या बहुतेक बत्त्यांत मोडलेलं असं काही नव्हतं. पंपाचं वायसर वाळलेलं, निपल तुंबलेलं, नाहीतर पेटवणाऱ्याला घाई झालेली. लोक आधी पक्कड शोधतात, खरं तर आधी बघायला आणि ऐकायला हवं. काय दुखतंय ते बत्ती स्वतःच सांगते, उजेडाच्या रंगातून आणि आवाजातून.

मी मिस्तरी नाही. शाळेच्या सुट्ट्यांत मंडपाचं सामान भाड्यानं देणाऱ्या एका काकांकडे बत्त्या पुसायला जायचो. दशावतार असला की आमच्या बत्त्या देवळापुढच्या मांडवात जायच्या, लग्नसराईत वरातीपुढे गड्यांच्या डोक्यावरून चालायच्या. पहिल्या पावसात चढणीचे मासे नि खेकडे धरणारी मंडळीही रात्री बत्ती मागायला यायची. तिथे जे हाताखालून गेलं तेवढंच सांगतो.

आधी ही चालते कशी ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपण गॅसबत्ती म्हणतो खरं, पण तिच्यात गॅस भरत नाहीत. टाकीत रॉकेल असतं. पंपानं हवा भरली की ती हवा रॉकेल उभ्या नळीतून वर ढकलते. या नळीला आपले मिस्तरी जनरेटर म्हणतात. नळी तापलेली असली की रॉकेलाची वाफ होते. ती वाफ वरच्या निपलाच्या केसाएवढ्या भोकातून जोरात सुटते, वाकड्या नळीत शिरताना बाहेरची हवा ओढून घेते आणि दोन्ही मिसळून चिनी मातीच्या तोटीतून खाली मेंटलमध्ये येतात. काही गावांत मेंटलला जाळी म्हणतात. मेंटल जळताना जी धग होते तीच जनरेटरला तापत ठेवते. एकदा लागलेली बत्ती त्यामुळे स्वतःच्याच उबेवर चालते. सुरुवातीची ऊब मात्र आपण द्यायची असते, आणि सगळे घोटाळे तिथेच होतात.

बत्त्यांची ही जात बर्लिनची. एरिच अँड ग्रेट्झ या कारखान्याच्या माक्स ग्रेट्झ यांनी १९१० च्या सुमारास ती बाजारात आणली. पेट्रोलियममधलं पेट्रो आणि माक्समधलं माक्स जोडून पेट्रोमॅक्स. पुढे कुणीही बनवलेली बत्ती आपल्याकडे पेट्रोमॅक्सच झाली, जसं कुठलंही वनस्पती तूप डालडा झालं. तुमच्याकडची जर्मन असो की देशी नक्कल, आतली रचना बहुधा तीच. मोठी बत्ती पाचशे कँडलपॉवरची म्हणून विकली जायची. तिच्या टाकीत साधारण लिटरभर रॉकेल मावतं आणि तेवढ्यात ती आठेक तास जळते.

आता ज्या बत्तीला हातच लावायचा नाही ती कोणती, ते सांगतो. टाकीचा तळ फुगून बाहेर आलेला असेल, सांध्याला चीर असेल किंवा जुना डाग दिलेला दिसत असेल, तर ती बत्ती पुन्हा पेटवायची नाही. घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवा, खुशाल. टाकीला घरी डाग द्यायला जाऊ नका. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत रॉकेलाची वाफ भरलेली असते आणि डाग देण्याच्या तापलेल्या अवजारानं ती पेट घेऊ शकते.

दुसरी गोष्ट तेलाची. या बत्तीत फक्त रॉकेल. पेट्रोल नाही, डिझेल नाही, पेट्रोलची भेसळ असलेलं रॉकेलही नाही. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलाची वाफ ३५ अंश सेल्सिअसच्या खाली पेट घेता कामा नये. पेट्रोलची वाफ बर्फाच्याही कितीतरी खालच्या तापमानाला पेटते. दाबाखालच्या टाकीत असा माल म्हणजे मांडीवर घेतलेला सुतळी बॉम्ब. पूर्वी रेशनवर निळं रॉकेल मिळायचं, आता बिनरंगाचं बाजारातून घ्यावं लागतं. कुठलंही आणलं तरी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. पाणी असेल तर सकाळी तळाला वेगळं दिसेल. वरचं तेवढं दाट फडक्यातून गाळून घ्या. आजोबांच्या वेळचं टाकीत राहिलेलं रॉकेल मात्र मोह न करता काढून टाका, त्याला वार्निशासारखा वास आणि चिकटपणा आलेला असतो. ताज्या रॉकेलानं टाकी दोनदा विसळा आणि भरताना चौथा हिस्सा रिकामा सोडा. हवा मावायला जागा नको का?

बत्ती अंगणात घ्या आणि पेटवायचं मनातही आणू नका. आधी पंप.

दांडा ओढून दाबला की हाताला जोर जाणवला पाहिजे. दांडा नुसताच खालीवर होत असेल तर कातड्याचं वायसर वाळून आक्रसलंय. ते बाहेर काढा, शिलाई मशिनच्या तेलात तासभर बुडवा, बोटांनी त्याची वाटी पसरवा आणि परत बसवा. खोबरेल लावू नका, थंडीत ते थिजतं. पंप धरू लागला की पंधरा-वीस दट्टे मारून दांड्यावरचा हात काढा. दांडा आपोआप वर येऊ लागला तर पंपाच्या तळाशी असलेली झडप हवा परत सोडतेय. तिच्यातली रबराची टिकली कडक होते किंवा तिच्यावर कचरा बसतो. टिकली पैशांत मिळते, पण ती काढायला लांब पेचकस लागतो. तिथे जोर करून आटे खराब करू नका.

मग साबणाचं पाणी. झाकणाच्या कडेला, दाबाच्या घड्याळाभोवती, रॉकेल सोडायच्या-बंद करायच्या चाकाच्या दांड्यापाशी आणि जनरेटरच्या नटाला फेस लावा. बुडबुडे आले तिथे गळती. झाकणाचं रबर बहुतेक वेळा दगड झालेलं असतं. टाकीवर घड्याळ असेल तर तांबड्या रेघेपर्यंत हवा भरा, ही रेघ बहुधा दोन बारच्या आसपास असते. काटा तिथे दहा मिनिटं टिकला तर टाकीची बाजू सुटली.

आता निपल. वरची टोपी आणि आतला सांगाडा उतरवा, म्हणजे निपल उघडं पडेल. बत्ती थंड असताना, आसपास काडी, बिडी, चूल काहीही नसताना, चाक उघडा. निपलातून रॉकेलाची बारीक धार शिवणाच्या सुईसारखी सरळ उभी चढली पाहिजे. धार तिरकी गेली तर भोकात घाण आहे किंवा ते झिजलंय. दोन फाटे फुटले किंवा नुसते थेंब आले तर तुंबलंय. लगेच चाक बंद करा आणि सांडलेलं पुसून घ्या. या अर्ध्या मिनिटाच्या चाचणीनं जितकं कळतं तितकं तासभर खाटखूट करून कळत नाही, आणि गंमत म्हणजे ती कुणी करत नाही.

निपल साफ करायला आत सुई असतेच. चाक बंद केलं की ती वर सरकून भोकातून जरा डोकावते, उघडलं की खाली जाते. चालू बत्तीत उजेड मंदावला तर चाक झटकन पूर्ण फिरवून परत जागेवर आणतात ते याचसाठी. बंदवर असताना सुईचं टोक दिसत नसेल तर ती तुटलीय किंवा सैल होऊन खाली उतरलीय. जनरेटर सोडून सुई दांडीवर अर्धा-एक फेरा पुढेमागे करा. जाड तार नाहीतर स्टोव्हची पिन मिळेल त्या जोरानं भोकात खुपसू नका. भोक रुंदावलं की जास्त तेल येतं, बत्ती धूर ओकते आणि मग नव्या निपलाशिवाय इलाज राहत नाही.

एवढं जमलं की पेटवण्याचा प्रसंग. जनरेटरभोवतीच्या वाटीत स्पिरिट घाला, काठोकाठ नको. चाक बंदवरच ठेवा. स्पिरिट पेटवा आणि थांबा. अनेकांना इथेच धीर धरवत नाही. ज्योत अर्धी उतरली की लगेच चाक उघडतात, न तापलेल्या नळीतून कच्चं रॉकेल येतं, भडका काचेच्या वर जातो, काजळी धरते आणि घरातली माणसं "ठेव ती बत्ती!" म्हणून ओरडतात. भडका उडाला तर घाबरू नका. चाक बंद करा, झाकणावरचा हवेचा पेच सोडून दाब जाऊ द्या आणि ज्वाळा आपोआप विझू द्या. पाणी ओतू नका, तापलेली काच तडकते.

पुन्हा तापवायचं असेल तर वाटी पूर्ण गार झाल्यावरच. मी एकदा वाटीतली ज्योत विझलीय असं समजून बाटलीतून स्पिरिट ओतलं होतं. दिवसाउजेडी स्पिरिटची निळी ज्योत दिसत नाही. भुवया आणि कपाळावरचे केस गेले. बाटली हातातून फेकली गेली म्हणून बाकीचं वाचलं. काकांनी काही बोलायच्या आत गालावर एक ठेवून दिली, आणि ती मला आजही वाजवी वाटते. स्पिरिट वाटीत घालायला लहान पिचकारी किंवा मापाचं भांडं घ्या, बाटली लांब ठेवून या आणि मगच काडी ओढा. काही बत्त्यांना तापवण्यासाठी वेगळी तोटी असते, तिच्यातून ज्वाळेचा फवारा जनरेटरवर सुटतो. ती असेल तर दीडेक मिनिट पुरतं. पूर्वी स्पिरिट नसलं की रॉकेलात भिजवलेला काकडा लावायचे. चालतं ते, पण काजळी होते आणि नव्या मेंटलचं तोंड काळं करून ठेवते.

स्पिरिट विझायच्या बेतात आलं की चाक हळूच उघडा. फुस्स करून वाफ पेट घेईल, मेंटल उजळेल. मग पंप मारून दाब तांबड्या रेघेपर्यंत न्या.

आता बत्ती काय बोलते ते ऐका.

उजेड पांढरा आणि आवाज एकसुरी घोंगावता असेल तर सगळं ठाकठीक आहे. हात मागे घ्या. नीट चाललेल्या बत्तीला अजून थोडी सुधारण्याचा मोह फार वाईट असतो.

उजेड पिवळट असेल आणि मेंटलवर काळे डाग धरत असतील तर तेल जास्त होतंय किंवा हवा कमी पडतेय. आधी दाब बघा, कमी असेल तर वाढवा. तरी डाग राहिले तर बत्ती विझवून गार करा आणि वाकड्या नळीत टोकापर्यंत ब्रश फिरवा. माळ्यावर पडून असलेल्या बत्तीत कोळ्याचं जाळं नाहीतर कुंभारमाशीचं मातीचं घर हमखास सापडतं. ते काढूनही फरक पडला नाही तर निपलाचं टोक आणि वाकड्या नळीचं तोंड यांतलं अंतर मोजा. मोठ्या बत्तीत ते साधारण १४ मिलिमीटर असतं. बत्तीबरोबर आलेला मूळ पाना घरात असेल तर टाकू नका, पुष्कळदा त्याच पान्यावर या अंतराचं माप असतं. अंतर कमी असेल तर हवा कमी शिरते. ते वाढवताना एका वेळी मिलिमीटरभरच वाढवा, पुन्हा पेटवून बघा.

याच्या उलट, मेंटलचा वरचा भागच तेवढा उजळतोय, खालचा मंद आहे आणि ज्योत निळसर होऊन फरफरतेय, तर हवा जास्त झाली किंवा तेल कमी पडतंय. निपल अर्धं तुंबलं की असंच दिसतं. म्हणून अंतराला हात लावण्याआधी सुईचा एक फेरा देऊन बघा.

फकफक, म्हणजे उजेड श्वास घेतल्यासारखा कमीजास्त होणं, ही तक्रार सगळ्यात जास्त. तिची कारणंही बरीच: तापवणं अपुरं, रॉकेलात पाणी, निपल सैल, जनरेटरमध्ये कार्बन. मी याच क्रमानं बघतो, कारण पहिली तीन फुकट दुरुस्त होतात. निपल गार असताना पान्यानं नुसतं घट्ट करायचं, पिळायचं नाही. जनरेटर आतून कार्बननं भरला असेल तर नवा घालणं बरं. जुने मिस्तरी तो भट्टीत लाल करून, ठोकून मोकळा करायचे, पण त्यात नळी वाकते आणि सुई पुन्हा सरळ चालत नाही.

एक आवाज मात्र ऐकला की लगेच विझवा. मेंटल अचानक मंदावतं आणि वरून, टोपीच्या आतून, घुमल्यासारखी गर्जना येते. आग मेंटलमध्ये न जळता मागे सरकून वाकड्या नळीतच जळत असते, नळी लालही होते. चिनी मातीची तोटी सैल झालेली, तडकलेली असते किंवा दाब फार उतरलेला असतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हे जिथे तिथे लागू. निपल नवं, अंतर नवं आणि मेंटलही नवं असं एकदम केलं तर बत्ती सुधारली तरी कशानं सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर मुळीच नाही.

मेंटलबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळा उजेड त्याचाच. हे नुसतं विणलेलं कापड, पण क्षारांच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं. पहिल्यांदा पेटवलं की सूत जळून जातं आणि उरतो तो राखेचा सांगाडा. उजळतो तो हाच. व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये याचं पेटंट घेतलं. ते मेंटल हिरवट उजेड द्यायचं आणि चटकन मोडायचं. १८९१ मध्ये त्यांना बरोबर मेळ सापडला: ९९ टक्के थोरियमचं ऑक्साइड आणि १ टक्का सेरियमचं. सेरियम वाढवलं तर उजेड उलट कमी होतो. थोरियम मिळतं मोनाझाइटच्या वाळूतून. १९०९ मध्ये शॉमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट आढळलं आणि तिथल्या किनाऱ्यावर वाळू काढायचा धंदा उभा राहिला.

थोरियम किरणोत्सारी आहे. प्रमाण थोडं असलं तरी मेंटलची राख फुंकू नये, नाकातोंडात जाऊ देऊ नये, पोरांच्या हाती देऊ नये. मेंटल पहिल्यांदा उघड्यावर जाळा, तुटलेलं ओल्या कागदानं उचला आणि हात धुवा. थोरियम नसलेली मेंटलही आता मिळतात, नवं घेताना विचारून घ्या.

बांधताना दोरी तोटीच्या खाचेत घट्ट बसली पाहिजे, चुण्या चहूबाजूंनी सारख्या हव्यात आणि जास्तीची दोरी कापायला हवी. ती लोंबती राहिली की जळून मेंटलवर पडते. एकदा जळलेल्या मेंटलला बोट लावायचं नाही. भोक पडलं तर रात्र काढून नेऊ म्हणू नका, तिथून सुटणारी ज्योत काचेला नाहीतर जनरेटरला एकाच जागी भाजत राहते. पावसाळी रात्री किडे आत शिरून मेंटल फोडतात. कणकवलीकडे बत्तीखाली पाण्याचं ताट ठेवताना पाहिलंय, बरेचसे किडे त्यातच पडतात.

बत्ती बंद खोलीत लावू नका. ती हवा खाते आणि जळणं अपुरं झालं तर कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला वास नाही. ओटी, अंगण, मांडव या तिच्या जागा. गणपतीच्या आरतीला लावायची तर ओटीवर, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर आणि मखराच्या कागदापासून लांब. जळत्या बत्तीत रॉकेल भरायचं नाही. दाब सोडून, गार करूनच भरायचं.

विझवताना नुसतं चाक बंद करून झोपायला जाऊ नका. झाकणावरचा पेच सोडा, हवा सूं करत जाऊ द्या. दाब तसाच राहिला तर रात्रभर रॉकेल थेंबथेंब वर चढतं आणि दुसऱ्या दिवशी पेटवताना तोच भडका.

सण उरकला की टाकी रिकामी करा, पेच सैल ठेवा, पितळ चिंचेनं घासून कोरडं करा आणि वाकड्या नळीच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबा, म्हणजे कुंभारमाशी घर करणार नाही. बोळ्याला लांब दोरा बांधून तो बाहेर लोंबता सोडा, नाहीतर पुढच्या वर्षी तोच आत विसरून तुम्ही बत्ती पेटवाल. आणि काडेपेटीत एक वायसर, एक निपल, एक सुई, दोन मेंटलं नि झाकणाचं रबर घालून ती काडेपेटी बत्तीच्या कडीलाच बांधून ठेवा.